जुन्या आरसी (रिमोट कंट्रोलच्या) बग्गीत नवी मोटर टाकली आणि गाडी मध्येच मरते: तपासायला सुरुवात कुठून करायची

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. टामिया कंपनीची १९८४ची हॉर्नेट किंवा ग्रासहॉपर, नाहीतर १९८५ची हॉटशॉट, किंवा यांचीच नंतर पुन्हा निघालेली आवृत्ती. मूळ मोटर आणि सर्व्होने, म्हणजे दांडा ठरावीक कोनात फिरवणाऱ्या छोट्या मोटरने, ढकलायचा तो यांत्रिक स्पीड कंट्रोलर काढून टाकलेला. त्याजागी ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेली) मोटर, इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर म्हणजे ईएससी, आणि दोन सेलची लायपो म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी. उचलून धरली की मागची चाकं भन्नाट फिरतात. जमिनीवर ठेवून थ्रॉटल पूर्ण ओढला की थोडं अंतर जाते आणि मरते. मग पुन्हा जिवंत होते, पुन्हा मरते.

मालकाने तोवर मोटरला दोषी ठरवून दुसरी मागवलेली असते. अशा गाड्या दुरुस्त करताना मोटर खरोखर खराब निघालेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. बॅटरीपासून मोटरपर्यंत करंट ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर कुठेतरी जुना काळ शिल्लक राहिलेला असतो. तो शोधायचा आहे.

लक्षणं: नेमकी कशी मरते ते आधी बघा

गाडी मेली त्या क्षणी ट्रान्समीटरवर स्टिअरिंग फिरवा. पुढची चाकं वळतात की नाही, एवढ्या एका निरीक्षणावर निम्मी शोधाशोध वाचते.

– मोटर बंद, स्टिअरिंग चालू, आणि थ्रॉटल सोडून हलकेच दिला की लगेच चालते. व्होल्टेज कमी झालं म्हणून ईएससीने मोटरचा पुरवठा तोडला आहे.

– मोटर बंद, स्टिअरिंग चालू, पण काही मिनिटं थांबल्याशिवाय चालत नाही. ईएससी किंवा मोटर तापली आहे.

– मोटर आणि स्टिअरिंग दोन्ही बंद, रिसीव्हरचा दिवा विझतो किंवा लुकलुकतो, एक-दोन सेकंदांत सगळं परत येतं. रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज कोसळलं आहे. थ्रॉटल आणि स्टिअरिंग एकत्र दिल्यावरच असं होत असेल तर संशय सर्व्होवर.

– जवळ असताना ठीक, लांब गेली की मरते. रेडिओ किंवा अँटेना.

– थांबलेल्या अवस्थेतून निघताना थरथरते, अडखळते, कधी उलटीकडे झटका देते. सेन्सरची (मोटर कुठल्या स्थितीत आहे हे ईएससीला कळवणारी) वायर किंवा मोटरच्या तीन वायरींपैकी एक.

– मोटर किंचाळते पण गाडी हलत नाही. हा विजेचा दोषच नाही. पिनियनचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा, ग्रब स्क्रू सैल आहे किंवा गिअरचे दात गेले आहेत. मोटरच्या शाफ्टवरच्या सपाट भागावर स्क्रू घट्ट बसवा आणि धातूला धातू असेल तिथे निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा. प्लॅस्टिकवर ते सांडू देऊ नका, जुनं प्लॅस्टिक त्याने तडकतं.

दोन लक्षणं एकत्र दिसत असतील तर दोन दोष आहेत असं लगेच समजू नका. एकच खराब जोड व्होल्टेजही पाडतो आणि रिसीव्हरही विझवतो.

सेटिंग आणि बॅटरी

यात फक्त वेळ जातो, म्हणून हे आधी. ईएससीमध्ये बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असते. साध्या ब्रश ईएससीवर तो छोट्या जंपरने ठरतो, महागड्यांत बटणाने किंवा प्रोग्रॅम कार्डाने. लायपोच्या सेटिंगवर दोन सेलसाठी तोड साधारण ६ ते ६.४ व्होल्टला होते, कारण सेलमागे ३ व्होल्टच्या खाली लायपो नेली की ती कायमची खराब व्हायला लागते. आता त्याच सेटिंगवर सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड जोडलीत तर? ती पूर्ण भरलेली असली तरी जोराच्या ओढीला ६.४च्या खाली सहज उतरते. ईएससी तिला रिकामी लायपो समजून मोटरचा पुरवठा तोडतो. पॅक चांगला, मोटर चांगली, ईएससीही चांगला, तरी गाडी मरते.

उलटी चूक जास्त महागात पडते. सेटिंग निकेलवर आणि बॅटरी लायपो असेल तर गाडी मरत नाही, बॅटरी मरते. तेच जुन्या यांत्रिक कंट्रोलरचं: त्याला तोड नावाचा प्रकारच माहीत नाही. कुणी मूळ कंट्रोलर हौसेने तसाच ठेवून लायपो चालवत असेल तर बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलच्या वायरी असलेल्या छोट्या प्लगवर) लावायचा व्होल्टेज बझर तरी हवाच.

नंतर सेल मोजा. पूर्ण भरलेली लायपो सेलमागे ४.२ व्होल्ट, दोन सेलची मिळून ८.४. विश्रांतीत ८.३ दाखवणारा पॅकही ओढ पडताच कोसळू शकतो, म्हणून नुसत्या मल्टीमीटरच्या आकड्यावर समाधान मानू नका. तुमचा चार्जर अंतर्गत रोध दाखवत असेल तर दोन सेलांचे आकडे शेजारी ठेवून बघा. एक दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर पॅक म्हातारा झाला आहे. चार्जरमध्ये ही सोय नसेल तर मित्राचा धडधाकट पॅक लावून एक फेरी मारा, निकाल तिथेच लागतो. पॅकच्या वेष्टनावर छापलेल्या सी रेटिंगवर, म्हणजे पॅक किती करंट देऊ शकतो त्या आकड्यावर, मी निर्णय घेत नाही. तो आकडा कंपनीने स्वतःच लिहिलेला असतो.

हे तपासताना बॅटरी जागेवर कशी बसते तेही बघून घ्या. जुन्या बग्ग्यांच्या खाचा गोल सेलांच्या पॅकसाठी केलेल्या आहेत. चौकोनी कडांची हार्ड केस लायपो त्यात कोंबली की कडा दबतात किंवा चॅसिसमधून वर आलेलं स्क्रूचं टोक केसला टोचत राहतं. गोल कडांच्या केसमध्ये लायपो मिळते, ती घ्या. खाच कापायला जाऊ नका, विशेषतः चॅसिस मूळ काळातली असेल तर.

रिसीव्हरला दोन ठिकाणांहून पुरवठा होतोय का

हे फक्त जुन्या गाड्यांत सापडतं आणि म्हणूनच नव्या पिढीच्या ध्यानात येत नाही. १९८०च्या दशकातल्या पुष्कळ रेडिओ संचांत रिसीव्हरसाठी चार पेन्सिल सेलांची वेगळी डबी असायची. मोटरचा पॅक वेगळा, रिसीव्हरचा वेगळा. आधुनिक ईएससीमध्ये बीईसी नावाचं सर्किट असतं, ते मुख्य पॅकमधूनच ५ किंवा ६ व्होल्ट काढून रिसीव्हरला देतं. नूतनीकरण करताना जुनी डबी आणि तिचा स्विच तसाच राहिला, तर ६ व्होल्टची डबी आणि ५ व्होल्टचं बीईसी एकाच तारेवर एकमेकांशी भांडतात. कधी बीईसी गरम होऊन बंद पडतं, कधी सेल उतरत जाईल तशी गाडी जास्त वेळा मरायला लागते आणि दोष लायपोवर जातो. डबी काढून टाका. ठेवायचीच असेल तर ईएससीच्या रिसीव्हर प्लगमधली मधली लाल वायर बाहेर काढून तिला टेप लावा.

पांढरा प्लग

माझा सगळ्यात जास्त संशय इथेच असतो. जुन्या पॅकांवर येणारा पांढरा नायलॉनचा प्लग, ज्याला सगळे टामिया प्लग म्हणतात, तो मूळ मोटरला पुरेसा होता. मूळ ५४० मोटर धावताना जेमतेम करंट ओढायची. ब्रशलेस मोटर निघताना कितीतरी पट ओढते.

गाडी मेल्याबरोबर प्लगला बोट लावा. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर तपास बहुधा संपला. प्लग उघडून आतल्या पिना बघा: काळ्या पडलेल्या, नायलॉन पिवळसर किंवा एका बाजूने वितळलेलं, पिन मागे सरकलेली.

एवढ्याशा जोडाने काय होणार, असं वाटतं म्हणून हिशेब सांगतो. प्लगमध्ये १० मिलीओहम रोध आहे असं धरा. ४० अँपिअर गेले तर तिथे ०.४ व्होल्ट हरवतात आणि १६ वॉट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता नायलॉनच्या प्लगमध्ये. तापला की पिनेची पकड सैल होते, पकड सैल झाली की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. म्हणून हा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही, हळूहळू वाढत जातो.

उपाय: एक्सटी-६० किंवा टी-प्लग. दोन्ही बाजूंना बदला. पॅकला नवा प्लग लावून मध्ये टामियाचं ॲडॉप्टर ठेवणारे लोक मला दर वेळी भेटतात. ॲडॉप्टर म्हणजे एकाऐवजी दोन जोड, आणि कमकुवत जोड होता तिथेच.

सोल्डर करताना बॅटरीच्या बाजूची एकच वायर एका वेळी कापायची, डाग द्यायचा, हीट-श्रिंक नळी चढवायची, मगच दुसरी. दोन्ही वायरी एकत्र कापल्या आणि कात्रीच्या पात्याने टेकल्या की लायपो शेकडो अँपिअर ओकते. डाग चकचकीत आणि वायरीच्या तंतूंत भिनलेला हवा. वर गोळा होऊन बसलेला मंद राखाडी डाग ओढून बघा, निघून येईल. आयर्न बारीक असेल तर जाड वायर तापत नाही आणि नेमका असाच कच्चा डाग बसतो.

प्लगबरोबर वायरही बघा. ईएससीच्या मूळ जाड सिलिकॉन वायरला जुन्या स्विचची बारीक वायर मध्येच जोडलेली असते, कारण डॅशबोर्डवरचा जुना स्विच वापरायचा असतो. तो स्विच मुख्य करंटच्या वाटेत ठेवू नका. ईएससीचा स्वतःचा स्विच फक्त छोटा सिग्नल हाताळतो, तो त्या खाचेत बसवता आला तर बसवा.

रेडिओ, थोडक्यात

जुना २७ मेगाहर्ट्झचा संच अजून वापरात असेल तर आधी तो बदला. ब्रशच्या ठिणग्या आणि ईएससीचं स्विचिंग या दोन्हीचा गोंगाट त्याला सहन होत नाही. हौसेखातर ठेवायचाच असेल तर ब्रश मोटरवर ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर आहेत ना ते बघा: एक दोन टर्मिनलांच्या मध्ये, बाकी दोन प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. ब्रशलेसवर ते लावायचे नसतात. आणि त्या संचाची लांब अँटेना वायर कापून किंवा गुंडाळून छोटी करू नका.

२.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरची अँटेना मात्र छोटी असते आणि तिचं शेवटचं साधारण ३ सेंटिमीटरचं उघडं टोकच काम करतं. ते टोक बॅटरीखाली किंवा धातूला चिकटून पडलेलं असेल तर अंतर घटतं. जुनी अँटेनाची नळी गाडीवर असतेच, तिच्यातून सरळ वर न्या, दिसायलाही जुन्यासारखं दिसतं. मग ईएससीला ट्रान्समीटरच्या थ्रॉटलची ओळख पुन्हा करून द्या आणि सिग्नल गेल्यावर थ्रॉटल शून्यावर येईल असा फेलसेफ लावा.

सर्व्हो आणि बीईसी

ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि पैसे लागत नाहीत. रिसीव्हरमधून स्टिअरिंग सर्व्होचा प्लग काढा, चाकं सरळ ठेवा आणि मोकळ्या जागेत गाडी छोट्या अंतरापुरती पूर्ण थ्रॉटलवर सोडा. मरायची थांबली? मग सर्व्हो बीईसीला झेपत नाही.

कारण असं. स्वस्त ईएससीचं बीईसी एक-दोन अँपिअरचं असतं. ताकदवान डिजिटल सर्व्हो अडकला की एकटाच तेवढे किंवा जास्त ओढतो. रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज क्षणभर खाली जातं, रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. मल्टीमीटर हा क्षणाचा खड्डा पकडेलच असं नाही, त्याची गती तेवढी नसते. किमान आकडा धरून ठेवणारा मीटर असेल तर रिकाम्या चॅनेलवर लावून बघा. ४.५च्या खाली गेला तर शंकेला जागा नाही.

सर्व्हो अडकतो का तेही बघा. जुन्या बग्गीतले स्टिअरिंगचे दुवे कमी कोनापर्यंतच फिरतात. चाक टोकाला पोहोचलं आणि सर्व्हो तरी ढकलतोय, गुणगुणतोय, असं असेल तर ट्रान्समीटरवर स्टिअरिंगची हद्द कमी करा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होतं. नाही झालं तर रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर ३३०० किंवा ४७०० मायक्रोफॅरडचा, किमान १० व्होल्टचा कपॅसिटर लावा. क्षणिक खड्डा तो भरून काढतो. त्याला ध्रुव असतात, उलटा लावला तर फुटतो. कपॅसिटरनेही भागलं नाही तर सर्व्हो साधा घ्या, किंवा वेगळं बीईसी लावा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढा. माझं मत विचाराल तर साधा सर्व्हो. दीड किलोच्या आसपासच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या बग्गीला स्पर्धेच्या गाडीचा सर्व्हो लावून फायदा कुणाला?

आता गाडीची यंत्रणा

इथून पुढे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि संयम. पिनियन मोटरपासून वेगळा करा किंवा मोटरच काढा आणि मागची चाकं हाताने फिरवा. दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरवली की सगळा गिअरबॉक्स फिरतो. कुठे दाट लागतंय, कुठे खरखरतंय? चाळीस वर्षांपूर्वीचं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. मूळ प्लॅस्टिकचे किंवा धातूचे बुश घासून लांबट झालेले असतात, त्यामुळे गिअर तिरके बसतात. ५×११×४ मिलिमीटरचे, म्हणजे ११५० म्हणून ओळखले जाणारे बॉल बेअरिंग टामियाच्या बहुतेक बग्ग्यांत जागोजागी बसतात. नव्या मोटरवर पैसे घालण्याआधी हे घालायला हवे होते, असं मी प्रत्येकाला सांगतो. घर्षण कमी झालं की करंट उतरतो, करंट उतरला की व्होल्टेज टिकतं आणि मघाचं सगळं आपोआप सौम्य होतं.

पिनियन आणि तो ज्याला फिरवतो तो मोठा स्पर गिअर एकाच मापाचे आहेत ना? मॉड्यूल आणि पिच ही दातांच्या आकाराची मापं. जुन्या गाड्यांत ०.८ मॉड्यूल, ३२ पिच किंवा ०.६ मॉड्यूल सापडतो, आणि नव्या मोटरीबरोबर आलेला पिनियन बहुधा ४८ पिचचा. ३२ पिच म्हणजे जवळजवळ ०.७९ मॉड्यूल, म्हणून तो ०.८शी जमतो. ४८ पिच म्हणजे ०.५३, तो ०.६शी जमत नाही, जमल्यासारखा फक्त वाटतो. मोटरची जागा सरकवता येत असेल तर दोन गिअरांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. पट्टीवर नागमोडी घड्या दिसाव्यात, ती फाटलेली नसावी.

ग्रासहॉपर आणि हॉर्नेटमध्ये ही जागा सरकत नाही, त्यामुळे पिनियनचे पर्याय मर्यादित. याचा परिणाम पुढच्या मुद्द्यात येतो.

मोटर फारच जोरकस आहे का

आकडे मांडून बघा. मूळ चंदेरी डब्याची ५४० मोटर ७.२ व्होल्टला बिनभाराची साधारण १५,००० फेऱ्या देते. ३३०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला ३३०० फेऱ्यांची, ब्रशलेस ७.४ व्होल्टला २४,४२० देते. पिनियन तोच ठेवला तर तुम्ही गाडीला दीडपटीहून जास्त वेगाचा गिअर दिलात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. मोटर ती ताकद द्यायचा प्रयत्न करते, म्हणजे करंट ओढते, म्हणजे तापते. ग्रासहॉपर तर मुळात त्याहून लहान ३८० मोटरवर आलेली गाडी.

म्हणून पिनियन छोटा करा. करता येत नसेल तर मोटर सौम्य घ्या. १७.५ किंवा २१.५ टर्नची (टर्न म्हणजे वाइंडिंगचे वेढे; जितके जास्त तितकी मोटर सौम्य) सेन्सर असलेली ब्रशलेस जुन्या बग्गीत मला सर्वांत शहाणी निवड वाटते. मूळपेक्षा जोरकस आहे, पण मूळ गिअर तिला पेलतात. बहुतेक जुन्या बग्ग्यांत धक्का बसला की घसरून गिअर वाचवणारा स्लिपर क्लच नाही, त्यामुळे उडी मारून चाकं जमिनीला टेकतात तो धक्का सरळ दातांवर येतो. टामियाच्याच फ्रॉग या बग्गीचे मूळ षटकोनी टोकांचे ड्राइव्ह शाफ्ट तर साध्या मोटरवरही गोल होतात. ईएससीमध्ये सुरुवातीचा जोर कमी करायची सेटिंग असेल तर ती खाली आणा.

तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर बरा. पाच मिनिटं चालवा, थांबवा, मोटरचा डबा मोजा. ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. ८०च्या वर थांबा. १००च्या पुढे चुंबकाची ताकद कायमची घटायचा धोका असतो, आणि चुंबक कमजोर झालेली मोटर त्याच कामाला आणखी करंट ओढते.

हवा कुठून मिळते हेही बघा. टामियाच्या १९७९च्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडरमध्ये इलेक्ट्रॉनिक्स पाण्यापासून वाचवायला पारदर्शक बंद पेटीत असतात. तो काळ वेगळा होता. आज त्या पेटीत ईएससी ठेवला की उष्णता जायला वाट नाही, आणि पंखा लावला तर तो तीच गरम हवा फिरवतो. हॉटशॉटची चॅसिसही अशीच बंदिस्त. अशा गाड्यांत गाडी दर वेळी ठरावीक मिनिटांनी मरते, आणि पहिल्या फेरीपेक्षा दुसऱ्या फेरीत लवकर मरते. हे लक्षण उष्णतेचं. ईएससी पेटीबाहेर आणा किंवा मोटर सौम्य करा.

एक छोटी पण घातक गोष्ट: मोटर बसवायचे स्क्रू. ३ मिलिमीटरचे लांब स्क्रू जुन्या जाड मोटरप्लेटमधून आलेले असतात. प्लेट बदलली किंवा वॉशर काढला की तेच स्क्रू मोटरच्या आत खोल जातात आणि वाइंडिंगला टेकतात. मोटर जोडून स्क्रू सैल करून बघा; वागणूक बदलली तर छोटे स्क्रू घ्या.

वायरी ज्या हलतात

ग्रासहॉपर आणि हॉर्नेटमध्ये मोटर चॅसिसला नाही, गिअरबॉक्सला जोडलेली असते आणि मागच्या ॲक्सलबरोबर वरखाली होते. प्रत्येक खड्ड्याला मोटरच्या वायरी वाकतात. मूळ बारीक, लवचीक वायरींना ते चालत होतं. ब्रशलेसच्या तीन जाड वायरी ताणून बसवल्या की डागापाशी एक-एक तंतू तुटत जातो. बाहेरून आवरण शाबूत, आत दोन-चार तंतू. स्टँडवर गाडी उत्तम चालते कारण स्टँडवर खड्डे नसतात. वायरींना सैलसर कमान ठेवा आणि गाडी स्टँडवर फिरत असताना प्रत्येक वायर लाकडी काडीने हलवून बघा. बोटं फिरत्या गिअरपासून लांब.

सेन्सरची सहा पिनांची बारीक केबल याच कारणाने तुटते. निघतानाची थरथर तिच्यामुळे असेल तर केबल बदलून लगेच कळतं, सुटी केबल स्वस्त असते. सेन्सर नसलेली मोटर निघताना थोडी अडखळणारच, तो दोष नव्हे. सेन्सर असलेल्या मोटरीत ए, बी, सी या वायरी त्याच क्रमाने जोडायच्या. गाडी उलटी पळते म्हणून दोन वायरींची अदलाबदल फक्त सेन्सर नसलेल्या मोटरीत करतात. सेन्सर असेल तर दिशा ईएससीच्या सेटिंगमधून बदला.

तुमच्याकडे असोसिएटेड कंपनीची १९८४पासूनची आरसी-१० ही बग्गी असेल तर आणखी एक. तिची सोनेरी चॅसिस ॲल्युमिनियमची आहे. घासून उघडी पडलेली वायर प्लॅस्टिकच्या टबमध्ये निरुपद्रवी असते, इथे ती शॉर्ट होते. कडांवरून जाणाऱ्या प्रत्येक वायरीखाली आवरण घाला.

सगळ्यात शेवटी ईएससी

इतकं सगळं निर्दोष असेल तरच ईएससी बदलून बघा, आणि आधी उसना घेऊन. बदलण्याआधी त्याच्या कागदावरचं बघा: तुमच्या मोटरएवढ्या किंवा तिच्यापेक्षा कमी टर्नच्या मोटरला तो चालतो असं लिहिलं आहे का? ब्रश ईएससीवर ब्रशलेस मोटर चालत नाही, हे सांगावं लागू नये, पण सांगावं लागतं.

कुठे थांबायचं

फुगलेली, दबलेली, टोचलेली किंवा गोडसर रसायनाचा वास येणारी लायपो पुन्हा चार्ज करायची नाही, तपासायचीही नाही. गाडीतून काढून, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, उघड्यावर ठेवा आणि बॅटरी गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. एखादा सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला असेल तर निकेलच्या मोडवर चार्जर लावून त्याला जिवंत करायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. पॅकच्या आतल्या पत्र्याच्या टॅबवर सोल्डरिंग करायचं असेल तर तेही घरी नको, बॅटरी जोडणीचं काम करणाऱ्याकडे द्या.

ईएससीतून धूर आला किंवा जळका वास आला तर उघडून दुरुस्त करायला बसू नका. आतले ट्रान्झिस्टर हाताने बदलता येतात, पण एक शॉर्ट राहिला तर पुढच्या वेळी तो बॅटरीला घेऊन जातो. जाड वायरीचा डाग दोनदा देऊनही सुटत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडून दहा मिनिटांत करून घ्या.

आणि गाडी मूळ काळातली, मूळ प्लॅस्टिकची असेल तर गिअरबॉक्सचा स्क्रू अडला की जोर लावू नका. म्हातारं प्लॅस्टिक बॉसपाशी (स्क्रू बसतो त्या खुंटीपाशी) तडकतं आणि तोच भाग पुन्हा मिळत नाही. जुन्या गाड्या जोडणाऱ्या कारागिराकडे द्या. देताना एक चिठ्ठी सोबत ठेवा: कोणतं लक्षण दिसलं, मरताना स्टिअरिंग चालू होतं की नाही, प्लग किती गरम होता, मोटरचं तापमान किती, सर्व्हो काढल्यावर काय झालं. ती वाचून तो आधी सर्व्होकडे हात घालेल की मोटरकडे, हे ठरतं.